गडावरील वीज आणि दूरचा हात

पावसाळ्यांत पन्हाळ्यावरील वीज जाणें ही कांहीं अपूर्वाईची गोष्ट नव्हे. समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून अधिक उंचीवर वसलेलें हें गांव; आषाढ-श्रावणांत धुकें इतकें दाट कीं, हाकेच्या अंतरावरचा खांबहि दिसूं नये. झाडाची फांदी तारेवर टेकते, उपकेंद्रांतील ब्रेकर, म्हणजे वाहिनी तोडणारी मोठी कळ, ट्रिप होतो, आणि बिघाड शोधण्यासाठीं लाइनमन विजेरी घेऊन तारांच्या कडेकडेनें चालूं लागतो. २०२१ च्या जुलैमध्यें तर अतिवृष्टीनें गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला होता. अशा ठिकाणीं दूर बसून ब्रेकर चालवितां आला तर किती सोय होईल, हें कोणाच्याहि मनांत सहज येईल.

परंतु या सोयीचीं अंगें दोन आहेत व त्यांची नेहमीं गल्लत होते. एक स्वयंचलन आणि दुसरें संधान. राधानगरी धरणाचे सात दरवाजे कोल्हापूरकरांच्या परिचयाचे आहेत. पाणी ठराविक पातळीला चढलें कीं, कोणीं चाक फिरविल्यावांचून ते उघडतात. हें स्वयंचलन. पण दरवाजा उघडल्याची वर्दी भोगावतीकांठच्या गांवांना दरवाजा स्वतः देत नाहीं. ती पोहोंचविण्याची व्यवस्था निराळी करावी लागते. ही व्यवस्था म्हणजे संधान.

वाहिनीवरील रिक्लोजर हें यंत्र असेंच आपल्यापुरतें शहाणें असतें. बिघाड होतांच तें वाहिनी तोडतें, क्षणभर थांबतें व पुन्हा जोडून पाहतें. उघड्या तारांवरील बहुतेक बिघाड क्षणिक असल्यानें फांदी गळून पडलेली असते व वीज सुरू होते. कांहीं प्रयत्नांनंतरहि बिघाड कायम राहिला, तर यंत्र वाहिनी तोडूनच ठेवतें.

खरी अडचण संधानाची. लहान वीजसंस्थेची सामग्री एका वेळीं घेतलेली नसते. रिले एका कारखान्याचा, मीटर दुसऱ्याचा, ब्रेकर वडिलांच्या वेळचा! प्रत्येकाची संदेश देण्याची रीत वेगळी. यासाठींच आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगानें ६१८५० या क्रमांकाचें मानक सिद्ध केलें. त्याचे भाग २००३ च्या सुमारास प्रसिद्ध होऊं लागले. पण समान भाषा मिळाली म्हणून भागत नाहीं. एकच वाहिनी नकाशांत एका नांवानें, बिलाच्या कचेरींत दुसऱ्या व लाइनमनच्या तोंडीं तिसऱ्याच नांवानें वावरत असेल, तर यंत्रें बोलूं लागूनहि घोटाळा तसाच राहील. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा सेकंदांचा फरक असला, तर आधीं कोणता ब्रेकर ट्रिप झाला हें सांगणेंहि दुरापास्त. हें नांवें जुळविण्याचें काम कंटाळवाणें खरें, पण कोणताहि विक्रेता तें करून देत नाहीं.

पैशाचा प्रश्न आहेच. २००८ सालीं केंद्र सरकारनें मंजूर केलेल्या योजनेंत अशा दूरनियंत्रणासाठीं ४ लाखांहून अधिक लोकवस्तीची अट होती. २०११ च्या जनगणनेंत पन्हाळ्याची वस्ती ४,००० सुद्धां नव्हती. शिवाय वीज गेल्यावर हीं सारीं उपकरणें बॅटरीवर जगतात, आणि दुर्लक्ष होतें तें बहुधा तिच्याकडेच.

याहून गंभीर प्रश्न खांबावरच्या माणसाचा आहे. दूरच्या खोलींतील पडद्यावर वाहिनी बंद दिसते. ती बिघाडानें बंद आहे कीं वर कोणी काम करीत आहे, हें पडद्याला कसें कळावें? म्हणून लाइनमननें परमिट घेतांच त्याची नोंद पडद्यावरचा हुकूम अडवील, अशी योजना लागते. एवढ्यावरहि विसंबत नाहींत. रिक्लोजरचें पुन्हा जोडणें बंद करतात, ब्रेकरची कळ जागेवरच्या नियंत्रणावर फिरवून कुलूप घालतात, तार मृत असल्याची खात्री करून कामाच्या दोन्ही बाजूंस ती जमिनीशीं जोडतात, आणि किल्ली काम करणाऱ्याच्या खिशांत राहते. काम संपल्यावर ज्यानें परमिट घेतलें त्यानेंच तें परत करावयाचें असतें. त्यानंतर कुलूप निघतें, आणि मगच दूरच्या खोलींतील हुकूम ब्रेकरपर्यंत पोहोंचतो.