आधी अंगणवाडी, मग अकोला

लेखांक ४

मागच्या लेखांकात स्वमग्नतेची सुरुवातीची लक्षणं आपण पाहिली: नावाने हाक मारली तरी वळून न पाहणं, हवी ती वस्तू बोट दाखवून न मागणं, आलेले शब्द अचानक सोडून देणं. मानोरा किंवा रिसोड तालुक्यातल्या एखाद्या गावात, अडीच वर्षांच्या लेकराबद्दल अशी शंका मनात आली, तर आईबापांनी सकाळी उठून जायचं कुठे?

बहुतेक घरांत पहिला सल्ला मिळतो तो थांबण्याचा. 'मुलगे उशिराच बोलतात.' 'याचा मामा पाच वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता.' 'मोबाइल बंद करा, आपोआप बोलेल.' मग कुणी दृष्ट काढतं, कुणी 'बाहेरचं' बघायला सांगतं. यात दोन-तीन वर्षं निघून जातात, आणि मूल सगळ्यात वेगाने शिकतं ते याच वर्षांत. वाशीमसारख्या जिल्ह्यात तज्ज्ञांच्या तुटवड्याने जितकं नुकसान होतं, तितकंच या थांबण्यानेही होतं, असं माझं ठाम मत आहे. निदान व्हायला वेळ लागेल. पण पहिलं पाऊल शंका आली त्याच आठवड्यात टाकता येतं, आणि तेही गावातच.

ते पाऊल म्हणजे अंगणवाडी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरमधून देशभर सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतं. ज्या तीस प्रकारच्या दोषांसाठी आणि आजारांसाठी मुलं तपासायची, त्या यादीत स्वमग्नता आहे. पण एका दिवसात ढीगभर मुलं बघायची असतात. वजन, उंची, दात, हृदय हे पटकन कळतं; कोपऱ्यात शांत बसलेलं मूल नजरेतून सुटू शकतं. म्हणून पथक येण्याची तारीख सेविकाताईंकडून आधीच विचारून ठेवा, त्या दिवशी शेतातलं काम बाजूला ठेवून स्वतः हजर राहा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा: 'हा हाकेला ओ देत नाही, याला पुढे पाठवा.' पुढे म्हणजे जिल्हा रुग्णालयाकडे. लहान मुलांच्या विकासातले अडथळे लवकर ओळखून उपचार करण्यासाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असावं, अशी या कार्यक्रमातच तरतूद आहे. न बोलणाऱ्या मुलाची श्रवण तपासणी सगळ्यात आधी करून घ्या. ऐकू येत नसेल, तर पुढची वाटच वेगळी.

पुढच्या तपासणीसाठी बऱ्याच जणांना अकोल्याला किंवा नागपूरला जावं लागतं. अकोल्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळचं. नागपूरला एम्स आहे आणि अपंगत्व पुनर्वसनासाठी केंद्र सरकारचं संयुक्त प्रादेशिक केंद्र, म्हणजे सीआरसी आहे. २०२४ मध्ये वाशीमलाही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. तिथे बालविकासाचा स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग असावा, ही मागणी जिल्ह्यातल्या पालकांनी आत्तापासूनच लावून धरायला हवी. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेला, तरी मजुरी बुडवून दर आठवड्याला वाचा उपचारासाठी नागपूर गाठणं कुणालाच परवडत नाही.

दिव्यांग प्रमाणपत्रावर मी थोडं जास्त थांबणार आहे, कारण घरोघर अडतं ते इथेच. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व मान्य केलं आहे आणि स्वमग्नतेला त्यात स्वतंत्र जागा आहे. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर, म्हणजे गावाजवळच्या सेवा केंद्रातून भरता येतो. तपासणीत 'इसा' ही भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० मुद्दे आहेत आणि ७० गुणांपासून पुढे स्वमग्नता धरली जाते. यातली पुष्कळ उत्तरं पालकांनी द्यायची असतात आणि तिथे लाज आडवी येते. 'घरी सगळं करतो हो,' असं आई म्हणते आणि गुण कमी पडतात. मूल घरी खरोखर काय करतं आणि काय करत नाही, याची यादी आठवडाभर वहीत लिहा. मोबाइलवर दोन-तीन मिनिटांची चित्रफीत काढून न्या, कारण अनोळखी खोलीत मूल वेगळंच वागतं. प्रमाणपत्र हातात आलं की दोन गोष्टी बघा. निदान स्वमग्नतेचं असताना फक्त बौद्धिक अक्षमता तर लिहिलेली नाही ना? आणि मुदत दिली असेल, तर ती कधी संपते?

४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व नोंदलं गेलं की पुष्कळ दारं उघडतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसील कार्यालयात करायचा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी राखायचा असतो. तो कुठे खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळण्याचा हक्कही दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातच आहे. मुख्याध्यापक 'आमच्याकडे सोय नाही' म्हणाले, तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात जाऊन समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना भेटा.

या धावपळीत घरात काय करायचं ते मात्र राहून जातं. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर बसा. छोटं वाक्य बोला आणि मग थांबा, त्याला वेळ द्या. भाकरी पूर्ण देण्याऐवजी तुकडा द्या, म्हणजे दुसरा मागण्याची संधी त्याला मिळेल. शब्द येत नसतील, तर चित्रं वापरा: आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीत चालतं. चित्रांची सवय लागली की मूल बोलणार नाही, ही भीती निराधार आहे. पोहरादेवीच्या परिसरातल्या बंजारा घरांना माझी खास विनंती आहे: शाळेसाठी म्हणून लेकराशी गोरमाटी बोलणं सोडू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाची प्रगती खुंटत नाही, आणि आजी ज्या भाषेत लाड करते ती त्याला पहिल्यांदा कळते.

'पूर्ण बरा करतो' म्हणणाऱ्यांपासून दूर राहा. स्वमग्नता हा जन्मापासूनच्या मेंदूच्या वेगळ्या घडणीचा भाग आहे. आईच्या मायेत काही कमी पडलं म्हणून ती होत नाही. स्वमग्नतेवर स्टेम सेल उपचारांची शिफारस करता येत नाही, अशी भूमिका राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच घेतली. अशा उपचारांसाठी शेत गहाण टाकू नका. थेरपिस्टकडे गेलात, तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारा. प्रामाणिक माणूस त्याने दुखावत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अंदाजानुसार दर १२७ माणसांमागे एक जण स्वमग्न असतो. २०११ च्या जनगणनेत वाशीम जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. हा अंदाज इथे लावला, तर आकडा नऊ हजारांच्या पुढे जातो. म्हणजे तुमच्या तालुक्यात तुमच्यासारखी घरं शेकड्यांनी आहेत, फक्त त्यांची एकमेकांशी ओळख नाही. दिल्लीतली 'ॲक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये उभी केली. मुंबईतला 'फोरम फॉर ऑटिझम' हाही पालकांचाच गट. दिव्यांग तपासणीच्या दिवशी जिल्हा रुग्णालयाच्या रांगेत तुमच्या पुढे-मागे असेच आईबाप उभे असतात. त्यांचा नंबर घ्या, तालुक्याचा एक व्हॉट्सॲप गट करा आणि कुठल्या दिवशी कुठले डॉक्टर बसतात, कुठला कागद कमी पडला, एवढं जरी त्यावर लिहीत गेलात, तरी मागून येणाऱ्या घराचे दोन हेलपाटे वाचतील.

(पुढच्या आठवड्यात: मूल अठरा वर्षांचं झाल्यावर पालकत्व कुणाकडे? जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती आणि शेतीच्या वारसाहक्काचा प्रश्न.)