गप्पीसोबत लाल झिंगा ठेवताय? टाकीत सोडण्याआधी हे वाचा

नवी मुंबई : शोभेच्या माशांच्या दुकानात आता लाल रंगाचे बारके झिंगेही मिळतात. नोकरीसाठी घणसोली, कोपरखैरणे, खारघर भागात राहायला गेलेली गावाकडची पोरं खोलीत छोटी काचेची टाकी ठेवतात. सुट्टीला येताना पिशवीत चार झिंगे गावीही आणतात. टाकीत आधीचे मासे असतातच, त्यातच झिंगे सोडले जातात. आठवडाभरात ते एकेक करून गायब होतात आणि दुकानदाराने रोगट माल दिला, अशी समजूत होते. पुष्कळदा माल चांगला असतो, चूक टाकीत असते.

हा झिंगा कुठला?

दुकानात याला ‘चेरी श्रिम्प’ म्हणतात. मूळचा तो तैवान आणि चीनकडचा. तिकडे त्याचा रंग मातकट असतो. लाल रंग निवडून पैदास करून आणलेला आहे. लांबी २ ते ३ सेंटीमीटर, आयुष्य १ ते २ वर्षं. शेवाळ, कुजकी पानं, माशांनी टाकलेलं खाद्य हेच त्याचं जेवण. आपली मोठी पोचा कोळंबी गोड्या पाण्यात वाढते, पण तिच्या पिल्लांना सुरुवातीला निमखारं पाणी लागतं. या झिंग्याचं तसं नाही. मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरते आणि तीन-चार आठवड्यांत त्याच गोड्या पाण्यात बारीक पिल्लं सुटतात.

मासा झिंगा का खातो?

हिशोब सोपा आहे. माशाच्या तोंडात जे मावतं ते त्याचं खाद्य. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य खातं हौदात, डबक्यात गप्पी मासे सोडतं, हे गावागावात माहीत आहे. गप्पीला डासाची अळी काय आणि झिंग्याचं पिल्लू काय, दोन्ही सारखंच. मोठ्या झिंग्याला गप्पी सहसा काही करत नाही, पिल्लं मात्र वेचून खातो.

गोल्डफिश, एंजल, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न यांच्यासोबत झिंगा ठेवूच नये. फायटर माशाचा भरवसा नाही. एखादा शांत निघतो, एखादा एका रात्रीत टाकी रिकामी करतो. गप्पी, निऑन टेट्रासारखे लहान तोंडाचे मासे चालतात, पण टाकीत जावा मॉससारखं दाट शेवाळ आणि दगड-लाकडाचा आडोसा हवाच. फिल्टरच्या तोंडाला स्पंज लावा, नाहीतर पिल्लं त्यात ओढली जातात. शक्य असेल तर आधी झिंगे सोडा, त्यांची वीण वाढू द्या, मग मासे आणा.

कात टाकली की घाबरू नका

झिंगा वाढताना कवच टाकतो. टाकीत पांढरं पारदर्शक कवच दिसलं की झिंगा मेला असं वाटतं. खरं तर तो नवं कवच घट्ट होईपर्यंत कुठंतरी दडून बसलेला असतो. याच वेळी तो मऊ असतो आणि मासा त्याला सहज फाडतो. आडोसा लागतो तो यासाठी. टाकलेलं कवच काढू नका, झिंगे ते खातात आणि त्यातला चुना परत मिळवतात.

पाणी तयार व्हायला महिना

नवी मुंबई महापालिकेच्या बहुतेक भागाला खालापूर तालुक्यातल्या मोरबे धरणाचं पाणी शुद्ध करून मिळतं. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन असतं, ते झिंग्याला सोसत नाही. पाणी एक दिवस उघडं ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन घालवायचे थेंब टाका.

नव्या टाकीत लगेच झिंगे सोडू नका. विष्ठा आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो, तो विषारी असतो. शेतात युरियातल्या अमोनियाचं जिवाणू नायट्रेट करतात, तेच काम टाकीत व्हावं लागतं. हे जिवाणू फिल्टरमध्ये आणि वाळूत रुजायला चार ते सहा आठवडे लागतात. पुढे आठवड्याला थोडंच पाणी बदला. सगळं पाणी एकदम बदललं तर झिंगा दगावतो.

जे किडीला मारतं ते झिंग्यालाही

शेतकऱ्याला हे लगेच समजेल. झिंगा कीटकांच्याच गोतावळ्यातला आहे. त्यामुळे सायपरमेथ्रिनसारख्या फवाऱ्याचा अंश मासा कदाचित सोसेल, झिंगा सोसणार नाही. फवारणी करून आल्यावर तसेच हात टाकीत घालू नका. घरात डासांचा स्प्रे मारताना किंवा बाहेर धुरळणी चालू असताना टाकी झाका, हवेचा पंप थोडा वेळ बंद ठेवा, कारण तो खोलीतली हवाच पाण्यात सोडतो. माशांच्या काही औषधांत तांबं असतं. आपल्या मोरचुदातही तेच. माशाचा रोग बरा होईल, पण झिंगे मरतील. औषध द्यायचं तर मासा वेगळ्या बादलीत काढून द्या.

विहिरीत, ओढ्यात सोडू नका

कंटाळा आला म्हणून मासे-झिंगे विहिरीत, तळ्यात किंवा ओढ्यात सोडले जातात. हे पुण्याचं काम नाही. घरच्या टाकीत शेवाळ खाण्यासाठी ठेवतात तो सकर मासा आज उजनी जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याला बाजारात भाव नाही, आणि काटेरी अंगामुळे जाळी फाटतात. बाहेरचा जीव एकदा पाण्यात रुजला की परत काढता येत नाही. टाकी नकोशी झाली तर मासे-झिंगे दुकानदाराला परत द्या किंवा दुसऱ्या टाकीवाल्याला द्या.