हात न लावता घेतलेली गोधडी

नागपूरहून फोन होता. बाईंनी फोटो पाहिला होता, रंग पसंत होता, किमतीबद्दलही काही म्हणणं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "मऊ आहे का हो ताई?" मी म्हटलं, "हो, खूप मऊ आहे." त्या क्षणभर थांबल्या. "सगळेच तसं म्हणतात," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्या गोधडीबद्दल त्या विचारत होत्या ती माझ्या मांडीवर होती. वाईच्या आठवडी बाजारात मी ती अंथरली असती, तर बाईंनी तिच्यावरून तळवा फिरवला असता आणि प्रश्न विचारायची गरजच पडली नसती. आपल्या भाषेत शिवणं म्हणजे टाका घालणं आणि शिवणं म्हणजे स्पर्श करणं. मी शिवलेली वस्तू गिऱ्हाइकाला शिवता येत नव्हती. ऑनलाइन दुकानाची सगळी अडचण या एका शब्दात आहे. गेली सहा वर्षं मी जे काही शिकले, ते त्या न झालेल्या स्पर्शाची भरपाई कशी करायची, एवढंच.

आमच्या घरात गोधडी सासूबाईंपासून चालत आली. आमच्या भागात तिला वाकळही म्हणतात. घटस्थापनेच्या आधी घरातली सगळी पांघरुणं कृष्णेच्या घाटावर धुवायला न्यायची, वाळवताना विरलेल्या वाकळा बाजूला काढायच्या आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांना नवा थर घालायचा, अशी रीत होती. वरखाली धडकी सुती साडी, मध्ये जुन्या कपड्यांचे थर, कच्च्या टाक्यांनी ते एकत्र धरायचे आणि मग कडेपासून चौकटीत फिरत धावदोरा घालत मध्याशी यायचं. कर्नाटकात हिची बहीण कौदी, बंगालमध्ये कांथा, बिहारमध्ये सुजनी, सिंधमध्ये रल्ली. सगळीकडे मूळ एकच: घरातलं जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड वाया जाऊ द्यायचं नाही.

आज माझ्यासोबत आळीतल्या चार जणी काम करतात. दुकान म्हणजे एक फोन, एक शिलाईची खोली, इन्स्टाग्रामचं पान आणि व्हॉट्सअॅप बिझनेसवरचा कॅटलॉग.

फोटोत टाका दिसला पाहिजे

सुरुवातीला मी फोटो रात्री काढायची, कामं आवरल्यावर, ट्यूबलाइटखाली. लाल रंग गुलाबी दिसायचा आणि गोधडी चादरीसारखी सपाट. आता फोटो फक्त सकाळी आठ ते दहा, पूर्वेच्या ओसरीवर, फ्लॅश बंद ठेवून. उजेड बाजूने आला की धावदोऱ्यामुळे कापडावर पडणाऱ्या बारीक चुण्या उठून दिसतात. हाताच्या शिलाईची ओळख त्या चुण्यांतच असते.

प्रत्येक गोधडीचे सहा फोटो मी ठरवून ठेवले आहेत. पूर्ण पसरलेली, घडी घातलेली, उलटी बाजू, कोपरा, टाक्यांवर ठेवलेला हाताचा पंजा आणि सहावा दोषाचा. जुन्या साडीत कुठेतरी विरलेलं असतं, एखादं ठिगळ असतं, काठाचा रंग उडालेला असतो. तो भाग मी जवळून दाखवते. मोठी जाऊ म्हणाली होती, "अगं, आपणच खोट कशाला दाखवायची?" पण खोट आधी पाहून घेतलेली वस्तू कुणी परत पाठवत नाही, हा माझा अनुभव आहे.

वर्णनातही तसंच. लांबी-रुंदी फुटांत आणि सेंटिमीटरमध्ये, वजन, थर किती, वरची साडी कुठली, कापड नवं की वापरलेलं, धुवायची कशी, हे सगळं लिहिते. रोमन लिपीत गोधडीचं स्पेलिंग लोक तीन-चार प्रकारे करतात. ते सगळे प्रकार वर्णनात घालते, म्हणजे शोधणाऱ्याला सापडते. जास्त खपतं म्हणून गोधडीला कांथा म्हणत नाही. ते नाव दुसऱ्या हातांचं आहे.

आणि मऊपणा? नागपूरच्या बाईंना जे सांगायला हवं होतं, ते सुचायला मला महिना लागला. आता कुणी विचारलं की सांगते, "तुमच्या कपाटातली दहा वर्षं धुतलेली सुती साडी काढा आणि गालाला लावा. वरचा थर तसा आहे." गिऱ्हाईक उठतं, साडी काढतं, गालाला लावतं. स्पर्श त्यांच्या घरातच होता, मला फक्त त्याच्याकडे बोट दाखवायचं होतं.

तासाला पाच रुपये चाळीस पैसे

किमतीत मी मोठी चूक केली. पाच बाय सात फुटांची गोधडी मी आधी १,२०० रुपयांना विकत होते. मागणी भरपूर होती, हात रिकामे नव्हते आणि वर्षाअखेरी हातात काहीच उरलं नव्हतं. मग वही घेऊन बसले. कापड ६००, दोरा १५०, धुणं आणि इस्त्री १००, वेष्टन ८०. झाले ९३०. उरले २७०. अशा एका गोधडीला सगळ्यांचे मिळून ५० तास लागतात. २७० भागिले ५०, म्हणजे तासाला पाच रुपये चाळीस पैसे. ज्या बायकांच्या हातांचं मी कौतुक करत होते, त्यांच्या तासाची किंमत मी स्वतःच एका कटिंग चहापेक्षा कमी लावली होती.

तेव्हापासून किंमत तासांपासून मोजते. तासाला ६० रुपये धरले की ५० तासांचे ३,००० होतात. त्यात ९३० मिळवले की ३,९३०. बिघडलेला माल, फोनचा खर्च आणि दुकानाचा नफा धरून ४,५००. टपालखर्च वेगळा. बाळाची गोधडी अडीच बाय साडेतीन फुटांची, म्हणजे क्षेत्रफळ मोठीच्या बरोबर पाव. तास साडेबारा, किंमत १,१५०. बारशाला द्यायला हीच जास्त जाते आणि महिन्याचा खर्च तीच भागवते.

किंमत वाढवल्यावर पहिले दोन महिने शुकशुकाट होता. मग मी गोधडीच्या फोटोखाली तास लिहायला सुरुवात केली. "५० तास, तीन जणींचे हात." घासाघीस जवळजवळ थांबली. लोक कंजूष नसतात, त्यांना हिशेब माहीत नसतो. तो सांगणं विकणाऱ्याचं काम आहे.

मोठ्या संकेतस्थळांवर माल मांडणार असाल, तर त्यांचं कमिशन किमतीत आधीच धरा. २००५ साली ब्रुकलिनमध्ये सुरू झालेली 'एट्सी' ही हस्तकलेची जगातली मोठी ऑनलाइन बाजारपेठ. तिथे एक वस्तू मांडायलाच २० सेंट पडतात आणि २०२२पासून विक्रीवर साडेसहा टक्के कापले जातात. ४,५०० रुपयांवर ते जवळपास २९२ रुपये होतात, म्हणजे आमच्या हिशेबात एका बाईचे पाच तास.

वजन काट्यावरचं आणि डब्याचं

गोधडी काट्यावर दोन किलो दोनशे ग्रॅम भरली, पण कुरिअरवाल्याने पैसे पाच किलोचे घेतले. मला वाटलं फसवणूक झाली. तसं नव्हतं. अनेक खासगी कुरिअर कंपन्या पार्सलचं आकारमानही मोजतात: लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणायची आणि ५,०००ने भागायचं. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल, तर आकार त्याचाच. माझा खोका ४० बाय ३५ बाय १८चा होता, म्हणजे पाच किलोंहून थोडं जास्त. आता घट्ट घडी घालून, सुतळीने आवळून पार्सल ४० बाय ३० बाय १० मध्ये बसवते. ते दोन किलो चारशे ग्रॅम होतं. हलक्या पण फुगीर वस्तू पाठवणाऱ्या प्रत्येकाने हा गुणाकार पाठ करावा.

आत प्लास्टिकची पिशवी, कारण वाईचा पाऊस आणि गोदामाची ओल यांचा भरवसा नाही. त्यावर उरलेल्या काठांची शिवलेली कापडी पिशवी. सोबत एक चिठ्ठी: कोणी शिवली, साडी कुठली, पहिल्यांदा धुताना काय करायचं.

ही शेवटची ओळ एका चुकीतून आली. ठाण्याच्या एका गिऱ्हाइकाने पहिल्या धुण्यानंतरचा फोटो पाठवला. लाल काठाचा रंग पांढऱ्या भागावर उतरला होता. त्यांनी पैसे मागितले नव्हते, तरी मी पूर्ण परत केले. आता प्रत्येक साडी शिवण्याआधी गरम पाण्यातून काढते आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने काठ घासून पाहते. फडक्याला रंग लागला, तर ती साडी वरच्या थराला वापरत नाही.

जाहिरात म्हणजे काम दाखवणं

प्रसिद्धीसाठी मी एकदाच पैसे देऊन जाहिरात केली. लाइक खूप आले, गोधडी एकही गेली नाही. उपयोग झाला तो तीस सेकंदांच्या व्हिडिओचा, शेवटचा टाका घालून दोरा दाताने तोडताना काढलेल्या. पार्श्वसंगीत नव्हतं, शिवणाऱ्या काकूंच्या बांगड्यांचा आवाज तेवढा होता. त्या आठवड्यात अकरा फोन आले. तेव्हापासून आठवड्यातून तीनदा चालू काम दाखवते: साड्या निवडणं, थर लावणं, घाटावरचं धुणं.

व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी हे छोट्या दुकानाचं मोठं बळ आहे. पण तो संदेश ज्यांनी आपला नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच पोहोचतो. म्हणून पार्सलमधल्या चिठ्ठीत तेवढी विनंती करते. महिन्यात दोनपेक्षा जास्त संदेश पाठवत नाही. घरात शिरायची परवानगी मिळाली म्हणून रोज दार वाजवू नये.

दिवाळीची मागणी मी गणपतीतच घेऊन संपवते. ५० तासांचं काम आठ दिवसांत देण्याचं वचन दिलं, तर एक तर टाके लांब पडतात नाहीतर वचन मोडतं.

पैशांबाबत सावध राहा. स्वतःला लष्करातला म्हणवणाऱ्या एकाने माप न विचारता दहा गोधड्या मागवल्या आणि "पैसे घ्यायला हा कोड स्कॅन करा" म्हणाला. यूपीआयवर पैसे घ्यायला कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. फसलात तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

कागदपत्रांचं भय बाळगू नका. १ जुलै २०२०पासून सुरू झालेली उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला ४० लाखांची आहे. परराज्यात किंवा मोठ्या संकेतस्थळांवरून विकताना नियम वेगळे लागू होतात, तेव्हा करसल्लागाराला एकदा विचारा.

हळदीचा डाग

गेल्या वर्षी नाशिकहून एक पार्सल आलं. एका लेकीने पाठवलेल्या, तिच्या आईच्या पाच साड्या. आई गेल्याला चार महिने झाले होते. अशा कामाला माझे नियम कडक आहेत. साड्या आल्या की प्रत्येकीचा फोटो पाठवायचा, कुठला पदर कुठे येणार हे कागदावर काढून दाखवायचं आणि होकार आल्याशिवाय कात्री लावायची नाही. चुकलं तर दुसरी साडी आणता येत नाही.

एका पदरावर हळदीचा डाग होता. मी विचारलं, काढायचा प्रयत्न करू का? लेकीचं उत्तर आलं, "तो तसाच ठेवा आणि वरच्या बाजूला घ्या." आम्ही तो मधोमध घेतला आणि त्याच्याभोवती टाके फिरवले. गोधडी पोहोचल्यावर त्यांनी फोटो पाठवला नाही, दोन शब्द पाठवले: "आई आली."

वस्तू हातात न घेता लोक आपल्यावर इतका विश्वास टाकतात. म्हणून दुकान सुरू करू पाहणाऱ्या प्रत्येकीला माझं एकच सांगणं आहे. नाव, लोगो, पान हे सगळं नंतर करा. आधी एक वस्तू पूर्ण बनवा आणि तिला किती तास लागले ते वहीत लिहा. तो आकडा किमतीत धरा, फोटोखाली लिहा आणि गिऱ्हाइकाला न लाजता सांगा. आणि तुम्ही विकत घेणारे असाल, तर "कमी किती करणार?" विचारण्याआधी "किती तास लागले?" एवढं विचारा.