उपवासाची भगर : गिरणीपासून ताटापर्यंत

घटस्थापना जवळ आली की केळापूरच्या जगदंबेच्या यात्रेचे वेध साऱ्या तालुक्याला लागतात. पांढरकवडा, पाटणबोरी आणि पैनगंगेपलीकडच्या आदिलाबाद भागातूनही भाविक दर्शनाला येतात. घरोघरी नऊ दिवसांचे उपवास सुरू होतात आणि किराणा दुकानांत भगर, शिंगाडा, साबुदाणा, शेंगदाणे यांची रास लागते. याच दिवसांत आम्हा डॉक्टर मंडळींकडे एक ठरावीक तक्रार येते : ‘भगर खाल्ली, दोन-तीन तासांत मळमळू लागले, उलट्या झाल्या, डोके गरगरते आहे.’ एखाद्या वर्षी असे दोन-चार रुग्ण असतात, एखाद्या वर्षी घरची घरे येतात. म्हणून यंदा नवरात्रापूर्वीच या विषयावर लिहावे असे ठरविले.

हा प्रश्न किरकोळ नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात सोमठाणा नावाचे गाव आहे. तेथे २० फेब्रुवारी २०२४ रोजी हरिनाम सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद खाल्ल्यावर दोनशेहून अधिक लोकांना विषबाधा झाली. रुग्णालयात जागा पुरेना. झाडांना दोर बांधून त्यावर सलाईनच्या बाटल्या टांगाव्या लागल्या आणि रुग्णांना जमिनीवर झोपवून उपचार करावे लागले. आपल्याकडे यात्रेच्या गर्दीत असे काही घडले, तर पांढरकवड्याच्या उपजिल्हा रुग्णालयावर केवढा ताण येईल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता मूळ कारण पाहू. भगर म्हणजे वरईचे टरफल काढलेला दाणा. टरफल गेले की दाण्याचे संरक्षण जाते. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्या-दीड महिन्यात हवेत ओल असते, ऊबही असते. अशा हवेत दाण्यावर अस्परजिलस जातीची बुरशी वाढते. ही बुरशी फ्युमिगाक्लेव्हीनसारखी विषारी द्रव्ये तयार करते. बुरशी डोळ्यांना दिसेलच असे नाही. शिवाय अशी विषद्रव्ये शिजविल्याने पूर्णपणे नष्ट होतात, असे समजू नये. ‘चांगली उकळून घेतली होती’ हे रुग्णाचे म्हणणे खरे असते, पण ते उत्तर पुरेसे नसते. भगरीसोबत जी शेंगदाण्याची आमटी आपण करतो, त्या शेंगदाण्यालाही हाच धोका आहे. ओलसर, काळपट, सुरकुतलेल्या दाण्यात त्याच कुळातील बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. पुष्कळ काळ थोडे थोडे पोटात गेले तर ते यकृताला घातक ठरते.

भगरीच्या पिठाची गोष्ट आणखी वाईट. दाण्यापेक्षा पीठ हवेतील ओल लवकर ओढून घेते. खराब दाणा निवडून काढता येतो, खराब पीठ निवडता येत नाही. गेल्या वर्षीचे उरलेले पीठ यंदाच्या पिठात मिसळले तर ते ओळखणार कोण?

येथे कोणी म्हणेल, सरकारचे खाते काय करते? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर समजून घेण्यासाठी भगरीचा प्रवास पाहावा लागेल. महाराष्ट्रात भगर तयार करणाऱ्या गिरण्या मुख्यतः नाशिक भागात आहेत. त्यांना लागणारे धान्य राज्यातून येते, तसे परराज्यांतूनही येते. गिरणीतून माल घाऊक व्यापाऱ्याकडे, तेथून तालुक्याच्या बाजारात, मग खेड्यातल्या दुकानात आणि शेवटी आपल्या डब्यात येतो. प्रत्येक मुक्कामी ओल लागण्याचा संभव असतो. इतक्या लांबच्या साखळीवर एकटा अन्न सुरक्षा अधिकारी लक्ष ठेवू शकत नाही. प्रत्येक कट्टा उघडून पाहणे त्याला शक्य नाही.

पूर्वी आपल्याकडे १९५४ चा अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा होता. त्याचा भर भेसळ पकडण्यावर आणि खटला भरण्यावर होता. ५ ऑगस्ट २०११ पासून २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा देशभर लागू झाला आणि विचाराची दिशा बदलली. अन्न सुरक्षित ठेवण्याची पहिली जबाबदारी ते तयार करणाऱ्यावर, साठविणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आली. प्रत्येकाने परवाना किंवा नोंदणी घ्यावयाची, माल कोणाकडून घेतला याच्या पावत्या ठेवावयाच्या, आणि आपला माल असुरक्षित आहे असे कळताच तो स्वतःहून बाजारातून परत बोलवावयाचा. दोष किरकोळ असेल तर अधिकारी प्रथम सुधारणेची नोटीस देऊ शकतो. असुरक्षित अन्न विकणाऱ्यास मात्र कैदेची तरतूद आहे. थोडक्यात, अन्न व औषध प्रशासन आणि व्यापारी यांनी चोर-शिपायाचा खेळ न खेळता एकमेकांशी बोलावे, अशी या कायद्याची अपेक्षा आहे.

हे बोलणे भगरीच्या बाबतीत कसे असावे? गिरणीवाल्याने धान्य नीट वाळवून, निवडून घ्यावे, कोरड्या जागी ठेवावे आणि पाकिटावर बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख व वापराची मुदत छापावी. घाऊक व्यापाऱ्याने कट्टे जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दूर ठेवावेत आणि आधी आलेला माल आधी काढावा. दुकानदाराने मुदत संपलेला माल विक्रीतून बाजूला काढून परत पाठवावा. प्रशासनाने सणापूर्वीच व्यापाऱ्यांना सूचना द्याव्यात आणि नमुने घ्यावेत. नमुना घेतल्यावर त्याचे चार भाग केले जातात आणि अन्न विश्लेषकाने साधारणपणे १४ दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी घेतलेल्या नमुन्याचा अहवाल दसरा उलटून गेल्यावर हाती येणार! तपासणी महिनाभर आधी झाली तरच तिचा उपयोग, हे यावरून ध्यानात येईल.

या साऱ्या व्यवस्थेचा कणा म्हणजे तो बॅच क्रमांक. समजा, पाटणबोरीच्या एका घरात पाकिटातील भगर खाऊन चौघे आजारी पडले. पाकीट शिल्लक असेल तर डॉक्टर आरोग्य खात्याला कळवितात, आरोग्य खाते अन्न व औषध प्रशासनाला, आणि प्रशासन त्या क्रमांकावरून गिरणीला गाठते. त्याच बॅचचा माल वणीला, चंद्रपूरला, नांदेडला गेला असेल तर तेथील दुकानांतूनही तो थांबविता येतो. चार माणसांच्या आजाराने चारशे माणसे वाचू शकतात. आता हीच भगर कट्ट्यातून सुटी, कागदात बांधून आणली असेल तर? दुकानदाराने तीन कट्टे एकाच पिंपात ओतले असतील तर? साखळी तेथेच तुटते. सुटा माल किलोमागे थोडा स्वस्त पडतो हे खरे, पण त्या बचतीत आपण मालाचे नाव-गाव गमावतो.

या साखळीत आम्हा डॉक्टरांचेही काम आहे. एकाच घरातील किंवा एकाच पंगतीतील दोन-तीन रुग्ण आले की नुसते इंजेक्शन देऊन भागत नाही. काय खाल्ले, कोठून आणले, आणखी कोणी खाल्ले, हे विचारून लगेच आरोग्य केंद्राला कळविले पाहिजे. नातेवाइकांनीही घाबरून उरलेले अन्न फेकून देऊ नये. स्वच्छ डब्यात, शक्य तर फ्रीजमध्ये ते ठेवावे. पाकीट व पावती जपावी. तपासाला तोच आधार असतो. प्रत्येक विषबाधेला भगरीची बुरशीच जबाबदार असते असेही नाही. सकाळी शिजवून दुपारपर्यंत उघडे ठेवलेले अन्न किंवा दूषित पाणीही कारण असू शकते. तपास झाल्याशिवाय ते कळत नाही.

आता घरच्यांसाठी सूचना. भगर बंद पाकिटातील, मुदत पाहून आणि १४ अंकी परवाना क्रमांक पाहून घ्यावी. गरजेपुरतीच घ्यावी. गेल्या वर्षीची उरलेली वापरू नये. निवडून, दोन-तीन पाण्यांनी धुवून शिजवावी. पीठ विकत न आणता भगर धुवून, कडक वाळवून थोडे थोडे दळून घ्यावे. कुबट वास, कडवट चव किंवा गुठळ्या असतील तर मोह न धरता टाकून द्यावी. शिजविलेली भगर गरम असतानाच खावी. नऊ दिवस सलग भगरच खाण्याऐवजी राजगिरा, रताळी, दूध, फळे यांचा फेर ठेवावा.

उलट्या-जुलाब सुरू झाले तर उपवास तेथेच सोडावा. देवी त्यासाठी रागावत नाही. एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी घोट घोट पाजत राहावे. लहान मूल, गरोदर स्त्री, वृद्ध, मधुमेही, किंवा चक्कर येऊन लघवी कमी झालेला रुग्ण असेल तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

महाप्रसाद करणाऱ्या मंडळांना एक विनंती. भगर एकाच परवानाधारक दुकानातून, पावती घेऊन आणा. शिजविलेल्या प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना झाकून, थंड जागी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा. शंका वाटल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या १८०० २२२ ३६५ या निःशुल्क क्रमांकावर कळवा. सुटी भगर घेणारे गिऱ्हाईक कमी झाले की दुकानदार पिंप ठेवणार नाही, आणि दुकानदाराने बॅच क्रमांक मागितला की व्यापारी तो नसलेला माल पाठविणार नाही. यंदा किराण्याची यादी करताना भगरीपुढे ‘बंद पाकीट’ एवढे दोन शब्द जरूर लिहावेत.