वेलींचा वारसा – भाग ६ : सातपुड्याखालचे पानमळे

मागच्या भागात आपण नाशिकच्या द्राक्षबागांत होतो. ते वाचून अकोल्याचा वाचक म्हणेल, आमच्याकडे कुठला आलाय द्राक्षमळा? खरे आहे. पण बापाकडून लेकाकडे चालत आलेली वेलीची शेती पाहायची असेल तर अकोट आणि अंजनगाव सुर्जीकडे निघावे. तिथल्या बारी समाजाच्या मळ्यांत नागवेल वाढते, आणि तिच्याच कुळातली पानपिंपळीही.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर मोठा ग्रंथ काढला. बारी जिथे मुख्यतः राहतात त्या जिल्ह्यांत त्यांनी अमरावती आणि बुलढाण्याचे नाव घेतले आहे. त्यात एक कथा आहे. पांडवांना अश्वमेधासाठी विड्याची पाने हवी होती आणि पृथ्वीवर तर नागवेल नव्हती. तेव्हा पाताळातल्या नागराणीने आपल्या करंगळीचे पेर कापून दिले. ते मातीत लावले आणि वेल उगवली. म्हणून या वेलीला फूल नाही, बी नाही. कांडे तोडूनच ती लावायची. नागपंचमीला मळ्यात नागाची पूजा करतात आणि त्या दिवशी पानाला हात लावत नाहीत, अशीही नोंद तिथे आहे.

कथेतले शेतीशास्त्र पक्के आहे. लागवडीतल्या नागवेलीला फूल क्वचितच येते, बी धरत नाही. बेणे म्हणजे जुन्या वेलीचा तुकडा. याचा अर्थ आजोबांच्या मळ्यातली वेल आणि नातवाच्या मळ्यातली वेल हे एकच झाड आहे, फक्त जागा बदललेले. सातबारा बदलतो, वाटण्या होतात, वेल तीच राहते. पण चव जशी उतरते तसा रोगही उतरतो. सगळ्या वेली सारख्याच असल्यामुळे मूळकूज आणि मर एकीला लागली की बाकीच्यांनाही तिला तोंड देण्याची वेगळी ताकद नसते. सेंद्रिय शेती म्हटले की आपण लगेच फवारणीचे बोलतो. पानमळ्यात ती बेण्यापासून सुरू होते: निरोगी मळ्यातले, निरोगी वेलीचे कांडे. ते चुकले तर पुढचे सगळे उपाय उशिराचे.

फवारणीचा पेच द्राक्षापेक्षा इथे अवघड का, तेही पाहू. द्राक्षाची काढणी वर्षातून एकदा. शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवस जायला हवेत, ते मोजता येते. पानाची तोडणी मात्र ठरावीक दिवसांनी पुन्हापुन्हा चालूच असते. दिवस मोजायला फुरसत कुठली! शिवाय पान शिजत नाही, सोलले जात नाही, थेट तोंडात जाते.

मग उरते बोर्डो मिश्रण: शंभर लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. फ्रान्सच्या बोर्डो भागात द्राक्षांवरच्या केवडा रोगासाठी १८८० च्या दशकात ते पुढे आले. पानमळ्यातही ते चालते आणि सेंद्रिय नियमांतही बसते. पण मोरचुदातले तांबे विरून जात नाही, मातीत साठत राहते. म्हणून युरोपने सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे. तीन पिढ्या एकाच जागी वेल लावणाऱ्याने हा हिशेब आपणहून ठेवावा, असे मला वाटते. नियमात बसते म्हणून मातीला सोसते, असे नाही.

मळ्याची बाकीची घडण मात्र मुळातच सेंद्रिय वळणाची. वेल चढते ती शेवरी, पांगारा, हेटा यांसारख्या जिवंत आधारांवर. ही झाडे सावली देतात, वारा अडवतात आणि द्विदल कुळातली असल्याने हवेतला नत्रही जमिनीत आणतात. खाद्य म्हणजे शेणखत आणि पेंड, एरंडीची, निंबोळीची. इथे आपल्याच अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या, नैसर्गिक शेतीचा पुरस्कार करणाऱ्या सुभाष पाळेकरांशी थोडा वाद घालावा लागतो. २०१६ साली पद्मश्री मिळालेल्या पाळेकरांचा आग्रह बाहेरून काही विकत न आणण्याचा. बारमाही पाने तोडून घेणारी वेल जिवामृतावर किती काळ तग धरेल, मला शंका आहे. पेंड विकतचीच, पण ती बंद करा असे पानमळेवाल्याला सांगायची माझी हिंमत नाही.

पाण्याची गोष्ट वेगळी. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा. विहिरीचे पाणी खारट, चोपण जमीन. गोड पाणी लाभते ते उत्तरेकडे, सातपुड्याच्या पायथ्याच्या पट्ट्यात. मळे तिथेच का, याचे उत्तर यात आहे. त्याच पाण्यावर संत्रा आणि केळीही डोळा ठेवून आहेत.

आता पानपिंपळी. सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकटू; म्हणजे गिऱ्हाईक औषधवाले. हिरवे-काळपट कणीस पूर्ण पिकायच्या आत तोडून उन्हात वाळवतात. नागवेलीचे पान लगेच विकावे लागते, वाळलेली पिंपळी थांबू शकते. त्यामुळे सेंद्रिय प्रमाणपत्राचा उपयोग झाला तर आधी इथे होईल. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात बहुवर्षायू पिकाला पहिल्या काढणीआधी ३६ महिने रूपांतराचे द्यावे लागतात. एकट्या लहान मळ्याला तो खर्च आणि कागद झेपत नाही. गट करावा लागतो. डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे नैसर्गिक शेती मिशन अकोल्यातूनच चालते आणि गट बांधणे हेच त्याचे काम. गटातल्या प्रत्येकाची पिंपळी वेगळी ओळखता येईल अशी वाळवली, साठवली, तरच त्या कागदाला भाव. व्यापाऱ्याच्या गोदामात सगळ्यांचा माल एकाच ढिगात पडला, की तीन वर्षे पाळलेले पथ्य कोणाला दिसणार?

पुढच्या आठवड्यात वरुड-मोर्शीच्या संत्रा बागा.