मुक्त स्रोत परवान्यांची निवड : संगणक प्रणाली आणि तिची माहितीपुस्तिका

माहितीपुस्तिकेची भाषा कशी असावी याचा विचार करण्यापूर्वी एक वेगळा प्रश्न सोडवावा लागतो. एखाद्या संगणक प्रणालीची इंग्रजी माहितीपुस्तिका आंतरजालावर सर्वांना वाचता येते. तिचा मराठी अनुवाद करून तो प्रसिद्ध करण्याची मोकळीक आपल्याला आहे काय? ‘वाचायला खुली आहे, त्या अर्थी मोकळीक असणारच’ असे उत्तर सहज सुचते. परंतु ते चुकीचे आहे.

भारतीय प्रताधिकार अधिनियम, १९५७ मध्ये साहित्यकृतीच्या व्याख्येत संगणक प्रणालीचाही समावेश आहे. कादंबरी आणि संगणकाला दिलेल्या आज्ञांची मालिका कायद्याने एकाच पंगतीला बसवली आहेत, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकाला मौजेची वाटेल. कृती निर्माण होताच तिच्यावरील अधिकारही निर्माण होतो; त्यासाठी नोंदणीची अट नाही. प्रती काढणे, त्या लोकांना देणे, रूपांतर किंवा अनुवाद करणे हे अधिकार प्रताधिकारधारकाचे असतात. परवाना म्हणजे या अधिकारांपैकी काहींच्या वापरासाठी त्याने सर्वांना आगाऊ दिलेली लेखी संमती होय. परवाना दिला म्हणजे हक्क सोडला, असे मात्र नव्हे.

प्रणालीच्या कोडसाठी प्रचलित असलेले परवाने ढोबळमानाने दोन वळणांचे आहेत. एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे परवाने उदार आहेत. मूळ प्रताधिकाराची सूचना व परवान्याचा मजकूर जपला, की तो कोड विक्रीच्या बंदिस्त उत्पादनातही वापरता येतो. दुसरे वळण ग्नू जनरल पब्लिक लायसन्सचे, म्हणजे जीपीएलचे. त्याची पहिली आवृत्ती १९८९ मध्ये आली. त्याखालील प्रणालीत बदल करून ती इतरांना देणाऱ्याने बदललेला स्रोतही त्याच परवान्याखाली द्यावा लागतो. आपले काम जास्तीत जास्त ठिकाणी पोचावे अशी इच्छा असेल, तर पहिले वळण सोयीचे. ते पुढेही खुलेच राहावे असा आग्रह असेल, तर दुसरे. स्वतःचा नवा परवाना रचण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे इतर परवान्यांशी जुळेल की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

खरी गुंतागुंत माहितीपुस्तिकेपाशी सुरू होते. कोडचाच परवाना पुस्तिकेला लावता येतो आणि लहान प्रकल्पांत तेच सोयीचे ठरते. परंतु जीपीएलची परिभाषा प्रणालीसाठी घडवलेली आहे. छापील पुस्तकाचा ‘स्रोत’ कोणता, हे ठरवणे अवघड जाते. म्हणून फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने २००० मध्ये ग्नू फ्री डॉक्युमेंटेशन लायसन्स, म्हणजे जीएफडीएल, हा पुस्तिकांसाठीचा स्वतंत्र परवाना आणला. हेतू चांगला होता. त्यातील एक तरतूद मात्र वादाची ठरली. पुस्तिकेतील काही भाग ‘अपरिवर्तनीय’ म्हणून घोषित करण्याची मुभा लेखकाला देण्यात आली. ईमॅक्स या मजकूर-संपादन प्रणालीच्या पुस्तिकेत रिचर्ड स्टॉलमन यांचा ‘ग्नू जाहीरनामा’ हा असा एक भाग आहे. अनुवादकाला तो वगळता येत नाही, आणि मूळ मजकुराच्या जागी केवळ अनुवाद ठेवायचा तर प्रताधिकारधारकाची खास परवानगी लागते. एरवी मूळ मजकूर ठेवून त्याला अनुवादाची जोड देता येते. मराठी पुस्तिकेतही ती इंग्रजी पाने राहणारच.

डेबियन प्रकल्पाच्या सदस्यांनी २००६ मध्ये मतदानाने ठरवले, की ज्या पुस्तिकांत असे अपरिवर्तनीय भाग नाहीत त्याच मुक्त मानाव्यात. त्यामुळे ईमॅक्स ही प्रणाली डेबियनच्या मुख्य संग्रहात राहिली, तर तिची पुस्तिका ‘अमुक्त’ विभागात गेली. मुक्त प्रणालीच्या चळवळीचे हे ठळक प्रतीक. पण ते तिच्याच पुस्तिकेविना वापरकर्त्याच्या हाती पडू लागले.

विकिपीडियालाही हा परवाना अडचणीचा झाला. एका लेखाची छापील प्रत वाटायची तरी सोबत संपूर्ण परवाना छापावा लागे. २००८ च्या अखेरीस जीएफडीएलच्या नव्या आवृत्तीने स्थलांतराची वाट मोकळी केली आणि २००९ मध्ये मराठीसह सर्व भाषांतील विकिपीडिया ‘क्रिएटिव्ह कॉमन्स श्रेयनिर्देश–समवितरण’ परवान्याकडे वळले.

आज पुस्तिकांसाठी याच कुळातील परवाने सोयीचे ठरतात. कोडसाठी मात्र ते वापरू नयेत, असे क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्वतःच सांगते. त्यांत स्रोत उपलब्ध करून देण्याविषयी तरतूद नाही. या कुळातील ‘बदल नको’ अट असलेला परवाना निवडला, तर बदललेल्या कृतीचे वितरण थांबते आणि त्याबरोबर अनुवादाचेही. आपल्या मजकुराची मोडतोड होऊ नये या साध्या काळजीपोटी लेखक ही अट घालतात आणि नकळत मराठी वाचकाचे दार बंद करतात.

कोड आणि पुस्तिका यांची सीमा पुसट असते, हेही ध्यानात घ्यावे. पुस्तिकेत नमुन्यादाखल कोड असतो आणि वाचक तो उचलून आपल्या प्रणालीत ठेवतो. तो त्यासाठीच दिलेला असतो. पुस्तिका ‘समवितरण’ परवान्याच्या चौथ्या आवृत्तीखाली असेल, तर तो मजकूर जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीच्या प्रणालीत नेता येतो. २०१५ पासून तशी एकतर्फी सोय आहे. एमआयटी परवान्याच्या प्रणालीत मात्र तो बिनदिक्कत नेता येत नाही. मोझिलाने आपल्या एमडीएन या तांत्रिक दस्तऐवजात यावर सरळ उपाय केला : विवेचन समवितरण परवान्याखाली, आणि २० ऑगस्ट २०१० पासूनचे कोडचे नमुने सार्वजनिक स्वामित्वात. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर अशी दोन वाक्ये लिहिली, की पुष्कळ संदिग्धता मिटते.

अनुवादकाचाही येथे संबंध येतो. अनुवादावर त्याचा स्वतःचा प्रताधिकार असतो. मात्र मूळ पुस्तिका समवितरण परवान्याखाली असेल, तर मराठी अनुवादही त्याच किंवा सुसंगत परवान्याखाली द्यावा लागतो. केवळ श्रेयनिर्देशाची अट असेल, तर स्वतःच्या योगदानापुरता निराळा परवाना निवडता येतो.

स्वाध्याय : आपल्या संगणकावरील किंवा भ्रमणध्वनीवरील एका मुक्त स्रोत प्रणालीचा परवाना शोधा. तिच्या माहितीपुस्तिकेचा परवाना तोच आहे की वेगळा, ते पाहा. तिचा मराठी अनुवाद प्रसिद्ध करायचा झाल्यास कोणत्या अटी पाळाव्या लागतील, ते दहा ओळींत लिहा.