जे.एन. टाटा एंडोमेंट

जे.एन. टाटा एंडोमेंट हा परदेशी विद्यापीठांत उच्च शिक्षण घेऊ इच्छिणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती देणारा मुंबईस्थित निधी आहे. उद्योगपती जमशेदजी नसरवानजी टाटा (३ मार्च, १८३९ - १९ मे, १९०४) यांनी इ.स. १८९२ मध्ये त्याची स्थापना केली. सध्या हा निधी टाटा ट्रस्ट्स या न्याससमूहाचा भाग आहे.

पार्श्वभूमी

इ.स. १८५७ मध्ये मुंबई, कलकत्ता व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाल्यावर धनिकांनी त्यांना देणग्या देण्यास प्रारंभ केला. मुंबई विद्यापीठाची जगन्नाथ शंकरशेठ संस्कृत शिष्यवृत्ती आणि कलकत्ता विद्यापीठाची प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती ही त्याची प्रसिद्ध उदाहरणे होत. त्या त्या विद्यापीठातील गुणवंतांचा गौरव करणे व त्यांच्या अभ्यासाला उत्तेजन देणे, हा अशा देणग्यांचा मुख्य हेतू होता.

परदेशगमनाची अडचण मात्र निराळी होती. भारतीय सनदी सेवेची (आय.सी.एस.) स्पर्धा परीक्षा इ.स. १९२२ पर्यंत केवळ लंडनमध्ये होत असे. बॅरिस्टर होण्यासाठीही इंग्लंडलाच जावे लागे. कायद्याने ही दारे भारतीयांना खुली होती; परंतु प्रवासाचा व तेथील वास्तव्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा असल्याने ती प्रत्यक्षात बहुतेकांना बंदच राहत. केवळ गरजूंना अन्नवस्त्र पुरविण्यापेक्षा बुद्धिमान व्यक्तींना पुढे आणल्याने देशाचे अधिक हित साधते, असे जमशेदजींचे मत होते. बंगळूर येथे इ.स. १९०९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेमागेही हीच विचारसरणी होती.

स्वरूप

आरंभी ही शिष्यवृत्ती पारशी विद्यार्थ्यांपुरती मर्यादित होती. इ.स. १८९४ पासून ती सर्व भारतीयांसाठी खुली करण्यात आली.

ही रक्कम दान म्हणून न देता कर्ज म्हणून दिली जाते, हे या निधीचे प्रमुख वैशिष्ट्य होय. शिक्षण पूर्ण करून कमावता झालेला विद्यार्थी हप्त्यांनी परतफेड करतो आणि तोच पैसा पुढील विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडतो. त्यामुळे निधी एका पिढीत संपत नाही. तसेच घेणाऱ्यावर उपकाराचे ओझेही राहत नाही. निवड गुणवत्तेवर होते व तीत मुलाखतीला महत्त्व असते.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. कर्जाच्या रकमेतून परदेशातील संपूर्ण खर्च सहसा भागत नाही. उरलेली रक्कम विद्यार्थ्याला अन्य मार्गाने उभी करावी लागते. शिवाय परतफेडीची जबाबदारी असल्याने, उत्पन्नाची खात्री नसलेल्या विषयांकडे वळणाऱ्यांना हे कर्ज पूर्ण अनुदानाइतके निर्धास्त करू शकत नाही.

उल्लेखनीय शिष्यवृत्तीधारक

निधीच्या अगदी सुरुवातीच्या लाभार्थींमध्ये डॉ. फ्रेनी कामा व डॉ. कृष्णाबाई केळवकर या दोन महिला डॉक्टरांचा समावेश होतो. स्त्रियांचे महाविद्यालयीन शिक्षणच दुर्मीळ असलेल्या काळात ही निवड झाली होती. केळवकर यांनी पुढे कोल्हापूर संस्थानात स्त्रियांच्या आरोग्यसेवेचे काम केले.

के.आर. नारायणन हे केरळमधील एका गरीब दलित कुटुंबातून आले होते. टाटा शिष्यवृत्तीमुळे ते इ.स. १९४५ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स येथे शिकण्यास जाऊ शकले, इ.स. १९९७ ते २००२ या काळात ते भारताचे राष्ट्रपती होते. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णा आणि केंब्रिजमध्ये शिकलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर हेही टाटा शिष्यवृत्तीधारक होत.

प्रभाव

इ.स. १९२४ पर्यंत आय.सी.एस.मध्ये दाखल होणाऱ्या दर पाच भारतीयांपैकी दोन टाटा शिष्यवृत्तीधारक असत, असे टाटा समूहाकडून सांगितले जाते. स्वातंत्र्योत्तर काळात विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक, सामाजिक शास्त्रे, कला इत्यादी शाखांतील विद्यार्थ्यांनी निधीचा लाभ घेतला असून शिष्यवृत्तीधारकांची एकूण संख्या पाच हजारांहून अधिक आहे.

हे सुद्धा पहा

जमशेदजी टाटा
भारतीय विज्ञान संस्था
मुंबई विद्यापीठ